आता म्हण

जमिनीतल्या लोखंडी जाळीतून गरम हवा वर येत होती आणि तिच्याबरोबर खाली बेसमेंटमध्ये बोलणाऱ्या सुलेखाचा आवाज. मालिनीबाई ड्रायरमधून नुकत्याच काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. कपड्यांना अजून ऊब होती, आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या नोव्हेंबरात बोटांना तेवढं सुखही पुष्कळ होतं. लेकीचं इंग्रजी कानावर पडत होतं, पण त्या ऐकत नव्हत्या. इथे आल्यापासून ही एक कला त्यांना साधली होती. नळाखाली उपड्या ठेवलेल्या भांड्यासारखं बसायचं. वरून सगळं वाहून जातं, आत थेंब शिरत नाही. आज त्या वाहत्या इंग्रजीत एकाएकी काहीतरी खड्यासारखं वाजलं. सुलेखा म्हणाली होती, "बाई." मग थांबून तिने त्याचा अर्थ समोर नसलेल्या लोकांना समजावून सांगितला होता. जावयाचा, देवदत्तचा एक पायमोजा मालिनीबाईंच्या हातात तसाच राहिला. त्याचा जोडीदार ढिगात शोधायचा होता. त्या शोधेनात. वाकल्या आणि जाळीपाशी कान नेला. गरम हवेचा झोत गालावर बसला, डोळ्यांना पाणी आलं, पण ते हवेनेच.

येत्या शुक्रवारी शिकागोत कॉन्फरन्स होती. बालशिक्षणातली माणसं चारी दिशांनी यायची होती, बालवाडीच्या शिक्षिका, प्राध्यापक, सेंटर चालवणारे, आणि त्यांच्यापुढे सुलेखाला वीस मिनिटं बोलायचं होतं. उन्हाळ्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. गळणारा नळ, नातीचा, इलाचा चष्मा, सांगलीच्या घराचं कुलमुखत्यारपत्र, सगळ्याला एकच उत्तर: "कॉन्फरन्स होऊ दे, मग बघू." मालिनीबाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट अभिमानच होता. लग्न होऊन देवदत्तबरोबर इथे आली तेव्हा पोरीला व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. बर्फात चालत जाऊन ती एका चर्चच्या बालवाडीत फुकट रंगाच्या वाट्या धुवायची. तिथून शिकत शिकत आज ती एका सेंटरची डायरेक्टर होती. आईचाच वसा घेतला म्हणून सांगलीला फोनवर किती जणींना सांगून झालं होतं. भाषणाचा विषयही त्यांना ठाऊक होता: लहान मुलाची आईपासूनची पहिली ताटातूट. "तू येणारेस हं आई," सुलेखा म्हणाली होती. "फर्स्ट रोमध्ये सीट ठेवलीये. ती मरून इरकली नेस." यामागे एवढं काही असेल असं मनात आलं नव्हतं.

खालून सुलेखा सांगत होती. एक साडेतीन वर्षांची मुलगी. तिची आईच वर्गातली शिक्षिका. तिथे आईला आई म्हणायचं नाही, असा नियम. खेळता खेळता मुलीच्या नाकात चिंचोका जातो. ती आईकडे जाते, हाक मारते. आई वळत नाही. पुन्हा मारते. वळत नाही. मुलगी तशीच उभी राहते, नाक सुजतं, श्वास कोंडतो, आणि शेवटी ती म्हणते, "बाई." मग आई वळते. "दॅट चाइल्ड वॉज मी," सुलेखा म्हणाली. तिचा आवाज कापला. मग तो छान सावरला. "अँड आय हॅव फरगिव्हन हर." थोडी शांतता, आणि मग तिचंच स्वतःशी मराठीत: "इथे पॉज. इथे टाळ्या येतील."

मालिनीबाई सरळ झाल्या. गुडघा धरला होता. पायमोजा घट्ट मुठीत होता, तो त्यांनी मांडीवर ठेवून हाताने सपाट केला.

चिंचोका खरा होता. नाक खरं होतं. हाक ऐकू येऊनही आपण वळलो नाही, तेही खरं. पण त्या सगळ्याला एवढा वेळ कुठे लागला होता? खालची सुलेखा सांगत होती ती मुलगी जणू दिवसभर उभी होती. मालिनीबाईंना आठवत होता तो क्षण हातात पकडायला गेलं तर निसटावा एवढा. त्यांच्या मांडीवर तेव्हा सावकारांचा गुरुनाथ होता, नवा आलेला, रडून रडून उलटी करणारा. जूनचा पहिला आठवडा. बालवाडीचा पहिला आठवडा ज्याने काढला नाही त्याला ती खोली कळायची नाही. चाळीस मुलं, चाळीस कोंडलेले हुंदके, आणि वर चुना उडालेलं पत्र्याचं छत. सगळी कशीबशी लाकडी ठोकळ्यांत, रांगोळीच्या वाळूत रमलेली असतात. एवढ्यात कुणीतरी एकजण म्हणतं, आई. झालं. पेटलेल्या गवतासारखं ते पसरतं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आई, आई, आई, आणि मग सेवंताबाई शिपाईण दाराला पाठ लावून उभी राहते. तो शब्द त्या खोलीत कुणी मोठ्याने म्हणायचा नाही, एवढाच नियम होता. इतर मुलांची आई तिथे नव्हती, म्हणून त्यांना तो पाळणं भाग होतं. सुलेखाची आई तिथे होती.

नियम मालिनीबाईंचा नव्हताच. तो पद्मजाबाईंचा. बालविहार पद्मजाबाईंनी काढलेलं, जुन्या तालमीच्या जागेत, आणि त्या पांढरं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या की मुलंच काय, पालकही चपला नीट लावून ठेवत. नवऱ्याची, श्रीरामची बदली चिपळूणच्या एस.टी. डेपोत झाली, सासूबाई गेलेल्या, शेजारच्या वहिनी बाळंतपणाला माहेरी. पोरीला ठेवायचं कुठे? मालिनीबाई विचारायला गेल्या तेव्हा पद्मजाबाई पॉलिशपेपरची अक्षरं कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणा ना मुलीला. पण उंबऱ्याच्या आत ती तुमची मुलगी नाही आणि तुम्ही तिच्या आई नाही. जमेल?" कात्री चालूच होती. बारीक वाळू टेबलावर पडत होती. मालिनीबाई म्हणाल्या, "जमेल." नाही म्हणाल्या असत्या तर नोकरी सोडून घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसलेल्या आईची मुलगी पुढे काय झाली असती कोण जाणे, शिकागोत भाषण करायला गेली नसती एवढं नक्की. हे आता जिना उतरून खाली जाऊन सांगता आलं असतं. सुलेखाने ऐकूनही घेतलं असतं. डोळे पुसले असते, आणि म्हणाली असती, "आई, धिस इज सो पॉवरफुल, हे मी टाकते." मग पद्मजाबाई आणि त्यांची कात्री भाषणाच्या पडद्यावर गेल्या असत्या. मालिनीबाई जिना उतरल्या नाहीत.

त्यांना वेगळंच आठवत होतं. बालविहाराच्या फाटकाबाहेर नगरपालिकेचा नळ होता, पितळी तोटीचा, सदा ठिबकणारा. मुलं गेली, सेवंताबाईने कुलूप लावलं की मायलेकी तिथवर मुकाट चालत यायच्या. पद्मजाबाईंच्या खिडकीतून फाटक दिसायचं, नळ दिसायचा नाही. नळापाशी मालिनीबाई पदर खोचून खाली बसायच्या, पोरीचे मातीचे हात धुवायच्या आणि तिच्या कानाशी म्हणायच्या, "आता म्हण." की सुरू व्हायचं. आई आई आई आई, श्वास न घेता, सकाळपासून साठवलेले सगळे. रस्ताभर, मारुती चौकापर्यंत, कधी घराच्या पायरीपर्यंत. वाण्याच्या दुकानातला मुनीम हसायचा, "काय बाई, पोरीची सुई अडकली का?" चिंचोक्याच्या दिवशी तर नाकात औषधाचा बोळा होता, तरी बोळ्यातून गेंगाणं, आई आई. मालिनीबाईंना त्या दिवसाचं आठवत होतं ते हे. एवढा घागरभर शब्द जिच्या अंगावर रोज ओतला जायचा तिला कुणी क्षमा करावी, आणि तीही भाड्याच्या सभागृहात, टाळ्यांसाठी जागा सोडून?

जेवताना त्यांनी खडा टाकून पाहिला. पिठलं वाढता वाढता म्हणाल्या, "सुलू, बालविहाराबाहेरचा नळ आठवतो का गं तुला?"

"कुठला नळ?"

"फाटकापाशी. पितळी तोटीचा."

सुलेखाने घास घेता घेता विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी आली. "नाही बाई आठवत. का?"

"काही नाही. तिथे हात धुवायचो आपण."

"चिंचोका मात्र लख्ख आठवतो. बघ ना, हेच असतं. मुलाला जे हर्ट होतं ते बॉडी लक्षात ठेवते. माझ्या टॉकमध्ये आहे ते, रिसर्च आहे त्याच्यावर." मग तिने आईकडे पाहिलं. चमचा खाली ठेवला. "तू ऐकलंस का दुपारी?"

"कपडे घडी करत होते. जाळीतून येतं वर."

"अगं, तुला रागावून नाही लिहिलेलं ते. शेवट किती छान आहे बघ. तुला उभी करणार मी. सगळे टाळ्या वाजवतील. इट्स फॉर यू, आई."

"आजी, यू विल बी फेमस," इला ताटातून मान वर न करता म्हणाली.

देवदत्त हसला. "आई, मग ऑटोग्राफ द्यायला पेन ठेवा जवळ. आणि पिठलं आणखी वाढा, फेमस व्हायच्या आधी."

मालिनीबाईंनी पिठलं वाढलं. या घरात कुणाचं काही वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर भांडता आलं असतं. इथे प्रत्येक जखम आधीच धुऊन, बँडेज बांधून, नाव लिहून फळीवर ठेवलेली. नकार द्यायचा तर कशाला? टाळ्यांना? पहिल्या रांगेतल्या खुर्चीला? 'माझी मुलगी खोटं बोलते' असं म्हणता येत नव्हतं, कारण ती खरंच बोलत होती. अर्ध्या वाटेवरचं खरं. फाटकापर्यंतचं. नळापर्यंत ती पोचतच नव्हती.

झोपायच्या आधी कपाटातून इरकली काढताना त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती इतकी जवळची, इतकी ताजी होती की आजवर ती गोष्ट आहे हेच कळलं नव्हतं. मंगळवारी आणि गुरुवारी त्या सुलेखाबरोबर सेंटरवर जात. मुलांना गोष्ट सांगत, कागदाच्या होड्या करून देत. मुलं त्यांना 'मिस आजी' म्हणत, कारण तिथे मोठ्या माणसाच्या नावाआधी मिस लावायची पद्धत होती. मिस कॅरल, मिस डेनीस, मिस आजी. पहिल्याच दिवशी हातमोजे सापडेनात म्हणून त्यांनी भर व्हरांड्यात हाक मारली होती, "सुलू, अगं इकडे ये जरा." सुलेखा हसत हसत आली होती, अगदी जवळ, आणि ओठ फारसे न हलवता मराठीत म्हणाली होती, "आई, इथे मिस सुलेखा म्हण हं. स्टाफसमोर बरं दिसत नाही ते." तेव्हा मालिनीबाईंना वाईट वाटलं नव्हतं. शिस्त आहे पोरीला, असंच मनात आलं होतं. पद्मजाबाईंनी पाठ थोपटली असती. तेव्हापासून त्या बिनचूक मिस सुलेखा म्हणत आल्या होत्या. इरकलीची घडी मोडता मोडता त्यांचे हात थांबले. साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांना हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं, हे त्यांनाही कळलं.

गुरुवारी मुलं झोपवल्यावर सुलेखाने जेवणाच्या खोलीत स्टाफसमोर भाषणाची तालीम ठेवली. पलीकडच्या अंधारलेल्या खोलीत बुटक्या खाटांवर मुलं निजली होती, अंगाईची सीडी हळू वाजत होती. मालिनीबाईंना पहिली खुर्ची दिली होती. मुलांसाठीच्या टेबलांच्या मानाने ती फार उंच वाटत होती. भिंतीवर उजेड पडला आणि त्यात बालविहार आलं. तो फोटो त्यांनीच सांगलीहून ट्रंकेत, दोन साड्यांच्या मध्ये ठेवून आणलेला. मुलं रांगेत मांडी घालून. कडेला त्या स्वतः, दोन वेण्या वर बांधलेल्या, डोळे उन्हाने बारीक केलेले. पुढच्या रांगेत सुलेखा, आईपासून दूर बसवलेली, मुद्दाम. तिच्याभोवती आता लाल रंगाचं वर्तुळ काढलेलं होतं. मालिनीबाईंना वाटलं, त्या मुलांतला गुरुनाथ आज कुठे असेल, आपली मुलगी त्याच्या अंगावरून अशी लाल रेघ ओढते आहे, आणि त्याला पत्ताही नाही.

भाषण खरंच चांगलं होतं. हे त्यांच्यातल्या जुन्या शिक्षिकेला नाकारता येईना. सुलेखा कुठे थांबायचं ते जाणत होती, हात कुठे ठेवायचे ते जाणत होती. चिंचोका आला तेव्हा मिस डेनीसने तोंडावर हात ठेवला. मिस कॅरलच्या, जिचे केस मालिनीबाईंच्या केसांहून पांढरे होते, डोळ्यांतून सरळ पाणी यायला लागलं आणि ती ते पुसेना. सगळ्यांच्या माना मधूनमधून पहिल्या खुर्चीकडे वळत होत्या, हळूच, एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तशा. मालिनीबाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर हातांची घडी. बालविहारात तपासनीस यायचे तेव्हा त्या अशाच बसायच्या.

"अँड शी इज हिअर टुडे," सुलेखा म्हणाली. आणि मग ओलसर, मोकळ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "आई. प्लीज, उभी राहा."

इथे. याच छपराखाली. म्हणजे शब्दाला बंदी नव्हती तर. नुसती वेळ ठरलेली होती, आणि वेळ ठरवणारी ती. त्या उठल्या. पदर सारखा केला. टाळ्या झाल्या, दबक्या, मुलं उठू नयेत म्हणून.

"से समथिंग, मिस आजी," कॅरल म्हणाली.

मालिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती खरोखर वाट बघत होती. ते ढोंग नव्हतं. साडेतीन वर्षांचीही अशीच बघायची, मान किंचित डावीकडे.

"व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. आवाज स्पष्ट, वर्गात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "थँक यू, मिस सुलेखा."

सगळ्याजणी हसल्या. प्रेमाने, ओल्या डोळ्यांनी. किती गोड, असं डेनीस म्हणालीसुद्धा. सुलेखा हसली नाही. भिंतीवरचा फोटो तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता, आणि ती पुढची चित्रं न दाखवता तशीच उभी राहिली.

संध्याकाळी गाडी सेंटरच्या फाटकातून बाहेर पडली. फाटकाशीच, गवताच्या पट्टीत, आगीच्या बंबाचा लाल बुटका नळ होता. मालिनीबाई मंगळवारी, गुरुवारी त्याच्याकडे बघत असत, का ते त्यांना आज समजलं. इथवर आलं की कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं, अशी पायांना सवय. गाडी त्याच्या शेजारून निघून गेली. रस्त्याच्या कडेला मळकं बर्फ साठलं होतं.

"ते मुद्दाम म्हणालीस ना तू?" सुलेखाने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"काय?"

"मिस सुलेखा."

"तूच सांगितलंयस."

"आई, ते मुलांसमोर, स्टाफसमोर. आज वेगळं होतं."

"स्टाफच होता की."

"यू नो व्हॉट आय मीन." मग तिला आपण इंग्रजीत बोललो हे जाणवलं असावं. हळू म्हणाली, "कळतंय तुला मी काय म्हणतेय ते. मी किती मनापासून लिहिलंय ते. तू एका वाक्यात त्याची चेष्टा केलीस."

"चेष्टा कुठली? सगळ्यांना आवडलं. कॉन्फरन्सलाही आवडेल."

"नको यायचं असेल तर नको येऊस उद्या. मी मॅनेज करीन."

तिचा आवाज आता खरा कापत होता, सावरायला मागे कुणी उभं नसल्यासारखा. मालिनीबाईंना ते ऐकू येत होतं. नळाचं सांगायला हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं: पोरी, तू म्हणायचीस गं, रस्ताभर म्हणायचीस. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही. पण ते सांगून तिला काय द्यायचं? जे हिने सांडून टाकलं ते भरून पुन्हा हिच्याच हातात, उद्याच्या टाळ्यांच्या आधी? ते एक त्यांच्यापाशी उरलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"येईन ना," त्या म्हणाल्या. "इरकली काढून ठेवली आहे. म्हणशील तिथे उभी राहीन. फक्त तिथे तुला काय म्हणायचं, तेवढं आधी सांगून ठेव."

सिग्नल लाल झाला. सुलेखाने गाडी थांबवली. वायपर काचेवर एकदा घासून गेले आणि थांबले. शेजारच्या गाडीत मागे बांधून ठेवलेलं एक मूल तोंड वासून रडत होतं. काचांमुळे आवाज येत नव्हता.

"आई," सुलेखा म्हणाली.

मालिनीबाईंना ऐकू आलं. हा शब्द ऐकू येऊनही मान वळवायची नाही, हे त्यांना एके काळी फार सरावाने जमवावं लागलं होतं. मधल्या काळात ते विसरलं असेल असं त्यांना वाटलं होतं. विसरलं नव्हतं. मानेच्या मागचा तोच स्नायू ताठला, तीच नजर समोर कुठेतरी, ठोकळ्यांवर, वाळूवर ठेवावी तशी त्या रडणाऱ्या मुलावर ठेवली गेली.

"आई," ती पुन्हा म्हणाली. आता आवाज अगदी लहान होता.

कुठल्या हाकेला आपण वळतो, हे तिला साडेतीन वर्षांची असताना शोधून काढावं लागलं होतं. आता ती चाळिशीची होती, या विषयावर उद्या शिकागोत बोलणार होती. तिला सापडतं का, ते बघत मालिनीबाई काचेबाहेर पाहत राहिल्या.